आर्तो तालमीत उतरवताना: किंकाळीच्या आधी वही

आंतोनँ आर्तो या फ्रेंच नट-लेखकाच्या नावाने एकांकिका करायची ठरली की पहिल्या आठवड्याची खरेदी ठरलेली असते: खोटं रक्त, स्ट्रोब लाइट, काळे टी-शर्ट. दुसऱ्या आठवड्यात चौघांचे घसे बसतात. तिसऱ्यात कुणीतरी विचारतं, "इथे आपण नक्की का ओरडतोय?" आणि उत्तर मिळतं, "क्रौर्याची रंगभूमी आहे ना!" प्रयोगात प्रेक्षक पाच मिनिटं दचकतात, मग सरावतात, आणि पुढे मोबाइल बघायला लागतात.

आर्तोने आपल्या रंगभूमीला दिलेलं हे नाव. गोंधळ त्यातल्या 'क्रौर्य' या एका शब्दाचा आहे, आणि तो आर्तोच्या हयातीतच सुरू झाला होता. ऑक्टोबर १९३२ मध्ये या रंगभूमीचा त्याचा पहिला जाहीरनामा छापून आला त्याच सुमारास त्याला पत्रं लिहून खुलासे करावे लागत होते. त्यांत तो सांगतो की क्रूरता म्हणजे रक्त नव्हे. काटेकोरपणा, झोकून दिलेली मेहनत आणि मागे न फिरणारा निश्चय. नटाने ती आधी स्वतःवर करायची. जाहीरनाम्यात तर तो स्वच्छ लिहितो की प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत एखाद्या सांकेतिक लिपीसारखा बांधलेला असेल, एकही हालचाल वाया जाणार नाही. उत्स्फूर्ततेच्या नावाखाली ज्याला आपण आर्तो म्हणतो, त्याच्या बरोबर उलट आहे हे.

म्हणून पुढे दिलेल्या पद्धतीत सगळ्यात आधी लागते ती एक आडवी वही, प्रयोगाचा प्रत्येक क्षण नोंदवायला. माणसं आठ, वेळ चार आठवडे (रोज अडीच तास), प्रयोग बारा मिनिटांचा. त्याआधी एक आठवडा वाचनाला द्यावा.

वाचन: पुस्तक उलटसुलट वाचा

'रंगभूमी आणि तिचं प्रतिरूप' (मूळ फ्रेंच 'ल तेआत्र ए सों दुब्ल') हा लेखसंग्रह पॅरिसच्या गालिमारने फेब्रुवारी १९३८ मध्ये छापला, अवघ्या ४०० प्रती. लेखक तेव्हा मनोरुग्णालयात होता. आज बहुतेकांच्या हाती येतो तो मेरी कॅरोलाइन रिचर्ड्सचा १९५८ चा इंग्रजी अनुवाद, किंवा त्यानंतरचे.

पहिल्या पानापासून सुरुवात केलीत तर प्रस्तावना आणि प्लेगवरचा लेख यांतच दमछाक होते. प्लेगचा लेख अप्रतिम आहे, पण तो रूपक आहे. १७२० ची मार्सेयची साथ, सार्डिनियाच्या व्हाइसरॉयला पडलेलं स्वप्न, बंदरात शिरू न दिलेलं जहाज. यातून तालमीत काय करायचं ते कळत नाही. क्रम असा ठेवा: आधी क्रूरतेबद्दलची तीन छोटी पत्रं, मग पहिला जाहीरनामा, मग नटाच्या श्वासाबद्दलचा 'भावनांची कसरत' या अर्थाचा लेख, मग बाली बेटावरच्या नृत्यनाट्यावरचा. प्लेग पाचवा. प्रस्तावना अगदी शेवटी, तीही जमली तर.

वाचताना पेन्सिल हातात हवी. जिथे एखादी वस्तू, अंतर, उंची, साहित्य, वाद्य किंवा प्रकाशाचा रंग येतो तिथे खूण करा. तत्त्वज्ञानाची वाक्यं पहिल्या वाचनात सोडून द्या. पहिल्या जाहीरनाम्यात अशा खुणा भराभर सापडतात: नाट्यगृहाऐवजी एखादी वखार किंवा धान्याचं कोठार, प्रेक्षक मधोमध फिरत्या खुर्च्यांवर आणि प्रयोग त्यांच्या चहूबाजूंनी, माणसाएवढी उंच वाद्यं, वादळात सापडलेल्या लिअर राजाची दाढी दाखवणारे दहा मीटर उंचीचे पुतळे, रूढ अर्थाचं नेपथ्य नाहीच. ज्याला लोक हवेतला विचारवंत म्हणतात त्याने सुताराला आणि इलेक्ट्रिशियनला देता येईल अशी यादी लिहून ठेवली आहे.

चरित्र किती लागतं?

थोडंच, पण तारखा नीट हव्यात. कारण 'वेडा प्रतिभावंत' ही गोष्ट इतकी चटकदार आहे की तिच्यामागे लागून गट तालमीत वेडाचं सोंग करायला लागतो.

जन्म ४ सप्टेंबर १८९६, मार्सेय. लहानपणी गंभीर आजार, त्याचं निदान मेनिंजायटिस असं झालं. १९१९ च्या सुमारास वेदनेवर अफूचा अर्क सुरू झाला आणि ती सवय शेवटपर्यंत सुटली नाही. १९२० मध्ये पॅरिस. तिथे तो लुन्ये-पो आणि शार्ल द्युलँ या दिग्दर्शकांच्या हाताखाली शिकलेला, रंगमंचावर राबलेला नट होता, हे विसरलं जातं. पडद्यावरही आहे: आबेल गांसच्या 'नेपोलियन' मध्ये फ्रेंच क्रांतीतला नेता मारा, द्रायरच्या जोन ऑफ आर्कवरच्या मूकपटात भिक्षू. तो मूकपट मिळवून गटाला जरूर दाखवा. चेहऱ्याचे स्नायू जवळपास न हलवता माणूस किती सांगू शकतो, याचा तो धडा आहे.

१९२४ ते १९२६ अतिवास्तववाद्यांच्या गटात, मग तिथून हकालपट्टी. रोजे व्हित्राक आणि रोबेर आरों यांच्याबरोबर काढलेल्या आल्फ्रेद जारी रंगभूमीने १९२७ ते १९२९ या काळात चार निर्मिती केल्या. प्रयोग मिळून आठ. १९३१ मध्ये पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनात त्याने बालीचे नर्तक पाहिले. ज्या लेखांवर त्याची कीर्ती उभी आहे ते त्यानंतरच्या पाच वर्षांतले. मे १९३५ मध्ये त्याचं नाटक 'ले चेंची', १७ प्रयोग, आपटी. १९३६ मेक्सिको. १९३७ मध्ये आयर्लंडहून हद्दपारी, आणि तिथून नऊ वर्षं एकातून दुसऱ्या मनोरुग्णालयात. रोदेझच्या रुग्णालयात त्याला पन्नासहून अधिक वेळा विजेचे झटके दिले गेले. १९४६ मध्ये सुटका, ४ मार्च १९४८ ला इव्हरी इथे मृत्यू.

क्रम लक्षात घ्या. रंगभूमीवरचे लेख आधी, रुग्णालय नंतर. शरीराचं आणि मनाचं दुखणं आधीपासून होतं, ते त्याच्या प्रत्येक ओळीत आहे, हे खरं. पण लेख लिहिले ते तालमीच्या हॉलमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाने. तालमीत झटके, साखळदंड, पांढरे गाऊन आले तर ते चरित्र झालं, नाटक राहिलं बाजूला.

ऐकायचं मात्र आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने फ्रेंच रेडिओसाठी 'देवाच्या न्यायनिवाड्याला पूर्णविराम' ध्वनिमुद्रित केलं. सोबत मारिया कासारेस, रोजे ब्लँ आणि पोल तेव्हनँ. २ फेब्रुवारी १९४८ चं प्रसारण रेडिओच्या प्रमुखाने आयत्या वेळी थांबवलं. हे सुमारे ४० मिनिटांचं मुद्रण आता सहज मिळतं. फ्रेंच येत नसेल तर उत्तमच: अर्थ बाजूला ठेवून आवाजाची उंची, ढोल, थांबे कागदावर रेघांनी काढा. किंकाळ्या कुठे येतात आणि त्यांच्याआधी किती शांतता आहे, एवढं मोजलंत तरी पुष्कळ कळेल.

जागा

साधारण २५ बाय ३० फुटांचा मोकळा हॉल पुरतो. प्रेक्षक २४, त्याहून जास्त नकोत. त्यांना पाठ नसलेल्या स्टुलांवर मधोमध बसवा, दोन स्टुलांमध्ये तीन फूट. भिंतींलगत चारही बाजूंनी चार फुटांची वाट नटांसाठी, आणि एक तिरकी वाट प्रेक्षकांमधून. ऑफिसच्या फिरत्या खुर्च्या मोफत मिळत असल्या तरी चाकांसकट वापरू नका: अंधारात माणूस वळला की खुर्ची सरकते आणि शेजाऱ्याच्या पायावर जाते. स्टुलावर माणूस आपला आपण वळतो आणि वळताना त्याचं अंग जागं राहतं, हा फायदा वेगळाच.

छताचे पंखे आधी पाहा. पुतळा करायचा असेल तर दहा मीटरची हौस सोडून नऊ फुटांवर या: कामट्यांचा सांगाडा, सुतळीची बांधणी, वर मांजरपाट, चेहऱ्याला खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राचे सात-आठ थर. वजन सहा किलोच्या आत, उचलायला दोघं. अकरा फुटी छताखाली फिरता पंखा आणि नऊ फुटी डोकं यांची गाठ पडतेच. प्रयोगाआधी पंख्यांचे स्विच बंद करून त्यांवर चिकटपट्टी लावा. पंखे बंद झाल्यावर जी शांतता मिळते तीही हवीच आहे. बारा मिनिटं उकाडा सोसतील लोक.

स्पर्धेसाठी कमानी रंगमंचच वाट्याला आला तर? तर प्रेक्षकांना ओढूनताणून मंचावर बसवू नका. दोन स्पीकर त्यांच्या पाठीमागे लावा. 'ले चेंची'त आर्तोलाही फोली-वाग्राम नावाच्या साध्या नाट्यगृहातच काम करावं लागलं. त्याने आमियँच्या कॅथीड्रलच्या घंटांचं ध्वनिमुद्रण स्पीकरमधून प्रेक्षकांच्या चहूबाजूंनी सोडलं. तो प्रयोग का पडला याची कारणं व्यवहारी आहेत: शब्दबंबाळ संहिता, समोरासमोरची बैठक, आणि पैसे ज्यांच्याकडून आले त्यांना मिळालेल्या भूमिका. आपल्याकडच्या निर्मात्यांना यातलं काही नवं वाटू नये.

पहिला आठवडा: श्वास

श्वासाच्या लेखात आर्तो नटाला हृदयाचा मल्ल म्हणतो. मल्लाला स्नायू, तसा नटाला श्वास. श्वास तीन प्रकारचे: पुरुष (ढकलणारा), स्त्री (लांबणारा) आणि नपुंसक (तोलून धरलेला). तिन्हींच्या क्रमांतून सहा जोडण्या होतात. ही मांडणी त्याने ज्यूंच्या कब्बाला या गूढवादी परंपरेतून घेतली, आणि त्या सहांच्या वर सातवी अवस्था सांगताना चक्क 'सत्त्व' हा गुण आणला. आपल्याला लगेच सात्त्विक अभिनय आठवतो. थांबा, ते वेगळं आहे. भरताचे सात्त्विक भाव म्हणजे स्तंभ, स्वेद, रोमांच वगैरे. आर्तोचं सत्त्व त्याने वाचलेल्या भाषांतरांतून आलेलं आहे. दोन्हींची खिचडी केली तर तालीम व्याख्यान होऊन बसते.

आर्तोने मोजमाप दिलेलं नाही. पुढचे आकडे सरावाच्या सोयीसाठी आहेत. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. 'पु' म्हणजे पोटातून ढकलून सोडलेला उच्छ्वास, २ ठोके. 'स्त्री' म्हणजे सावकाश ओढून घेतलेला श्वास, ६ ठोके. 'न' म्हणजे थांबणं, ४ ठोके. एक फेरी १२ सेकंदांची. प्रत्येक क्रमाच्या सहा फेऱ्या, मग अर्धा मिनिट साधा श्वास, मग पुढचा क्रम. सहा क्रम मिळून दहा मिनिटं.

दोन दिवसांत कुणाच्या तरी लक्षात येतं की सलग चालवलं तर खरे प्रकार दोनच आहेत: भरल्या छातीने थांबणं आणि रिकाम्या छातीने थांबणं. प्राणायाम केलेल्यांना हे अंतर्कुंभक आणि बाह्यकुंभक म्हणून ओळखीचं असेल. मग सहा कशाला? कारण वाक्य कशाने सुरू होतं यावर त्याचा रंग ठरतो. "दार उघड" हे दोनच शब्द घ्या. थांबून, ढकलून म्हणा. आधी लांब श्वास ओढून, थांबून म्हणा. उच्छ्वास संपल्यावर उरलेल्या हवेत म्हणा. भाव 'आणायचा' प्रयत्न कुणी करायचा नाही. श्वास बदलला की भाव मागून येतो, एवढाच आर्तोचा दावा आहे आणि तो तीन दिवसांत पटतो.

चौथ्या दिवसापासून श्वासाला शरीरात जागा द्या. त्याच्या लेखात राग, हल्ला, चावा यांची जागा छातीच्या फासळ्यांखालचा खळगा. शौर्य आणि अपराधीपणा यांची जागा एकच, जिथे माणूस छाती बडवतो तिथे. या दोन पुरेत. उरलेल्या शोधत बसू नका.

चक्कर आली तर खाली बसून साधा श्वास. दमा, रक्तदाबाचा त्रास किंवा गरोदरपण असेल त्यांनी 'न' गाळायचा.

दुसरा आठवडा: वही

साहित्य म्हणून 'रक्ताची चिळकांडी' (ल झे द सां, १९२५) घ्या. चारेक पानांची ही नाटिका आर्तोच्या हयातीत रंगमंचावर आली नाही. १९६४ मध्ये पीटर ब्रुक आणि चार्ल्स मॅरोविट्झ यांनी लंडनमध्ये क्रौर्याच्या रंगभूमीचे प्रयोग केले त्यांत ती होती. लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटल्याने मूळ फ्रेंच संहितेवर भारतात आता स्वामित्वहक्क नाही. इंग्रजी अनुवादांवर मात्र अनुवादकांचा हक्क असू शकतो, म्हणून फ्रेंच जाणणाऱ्याकडून थेट मराठी करून घ्या. सुरुवातीच्या भागाचंच करा.

सुरुवात अशी: तरुण म्हणतो, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे आणि सगळं सुंदर आहे.' तरुणी तेच उलटून म्हणते. पुन्हा तेच, खालच्या पट्टीत. पुन्हा, त्याहून खालच्या. वाक्य जवळपास एकच, बदलते ती पट्टी आणि कंप. मग शांतता, प्रचंड चाक फिरल्याचा आवाज, वादळ, दोन ताऱ्यांची टक्कर, आणि आकाशातून हात, पाय, केसांसकट टाळू, मुखवटे, खांब, देवळं कोसळतात.

हे वाचून सगळे म्हणतात, अशक्य. पुढची ओळ नीट वाचा: या वस्तू पडतात त्या हळूहळू, आणखी हळू, जणू पोकळीतून. मग एकामागून एक तीन विंचू, मग एक बेडूक, आणि शेवटी एक भुंगा, जो ओकारी येईल इतक्या संथपणे टेकतो. म्हणजे लेखकाने वेगाचा आलेख दिला आहे. वस्तू खऱ्या नसल्या तरी चालेल, वेग खरा हवा.

आठ नट, आठ वस्तू. प्रत्येकाने वस्तू डोक्यावरून जमिनीपर्यंत आणायची. वेळा सेकंदांत: १, २, ४, ८, १२, २०, ३०, ६०. एकानंतर एक धरून २ मिनिटं १७ सेकंद होतात. वीस सेकंदांच्या पुढे मांड्या थरथरायला लागतात. ती थरथर लपवायची नाही आणि वाढवायचीही नाही. प्रेक्षक जे पाहायला थांबतो ते तेच. गुडघे दुखणाऱ्यांना सुरुवातीच्या छोट्या वेळा द्या. साठ सेकंदांचं काम सगळ्यात तगड्या मुलाला न देता सगळ्यात धीराच्या माणसाला द्या.

आता वही. आडव्या पानावर सात रकाने: वेळ, श्वास, अंग, शब्द, यंत्राचा किंवा वाद्याचा आवाज, प्रकाश, जागा. एक ओळ म्हणजे दहा सेकंद, बारा मिनिटांच्या ७२ ओळी. प्रत्येक नटाला एका रंगाची पेन्सिल. 'ले चेंची'च्या वेळी रोजे ब्लँने हालचालींची अशी वही ठेवली होती, म्हणून तर त्या प्रयोगाबद्दल आपल्याला इतकं कळतं.

वही भरताना दोन पथ्यं. वेळ सोडून उरलेल्या सहा रकान्यांपैकी किमान दोन प्रत्येक ओळीत रिकामे राहिले पाहिजेत. आणि ७२ पैकी किमान आठ ओळींमध्ये आवाज आणि शब्द दोन्ही कोरे. सगळे रकाने भरलेली वही म्हणजे गणपती विसर्जनाची मिरवणूक: दणका खूप, पण कुठली काठी कुठल्या ढोलावर पडली ते कुणाला कळत नाही.

स्टॉपवॉच दिग्दर्शकाकडे नको, तिसऱ्याच माणसाकडे. सलग तीन तालमी १२ मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे १५ सेकंदांत बसल्याशिवाय दिवे लावायचे नाहीत. वेळ दर तालमीला कमी होत असेल तर नट घाबरलेत आणि 'न' चा थांबा खातायत. वाढत असेल तर नट स्वतःच्या भावनेत रमलेत. हा आजार जास्त वाईट, कारण त्यांना वाटतं काम चांगलं चाललंय.

तिसरा आठवडा: किंकाळी, आवाज, प्रकाश

युरोपात आता कुणाला किंचाळता येत नाही, अशी आर्तोची तक्रार होती. आपल्याकडे उलट अडचण आहे, सगळ्यांना येतं असं वाटतं. किंकाळी तिसऱ्या आठवड्याआधी नाही. एका नटाने एका तालमीत तीनदाच, प्रयोगात एकदाच. आधी पाच मिनिटं गुणगुणणं, मग जांभईसारखा उघडा घसा, सैल जबडा, जोर खालच्या फासळ्यांतून. मान ताणली गेली की थांबा. घशात खवखव म्हणजे चूक घशात झाली आहे. दुसऱ्या दिवशी आवाज बसलेला असेल तर ४८ तास ओरडणं बंद, आणि घोगरेपणा दोन आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. आलं-मधावर तो रेटायचा नाही.

शब्दांचं काय? आर्तोने शब्द हाकलून दिले असा समज आहे. तसं नाही. स्वप्नात शब्दाला जेवढं महत्त्व असतं तेवढं द्या, असं तो म्हणतो. स्वप्नातला शब्द थोडा असतो पण विसरता येत नाही. म्हणून बारा मिनिटांत चाळीसेक शब्द ठेवा. मराठीत एक सापळा आहे: खडखड, सळसळ, धडधड हे नादशब्द हाताशी असल्याने गट त्यांवर तुटून पडतो. ते शब्द आवाजाचं वर्णन करतात, आवाज करत नाहीत. साधा शब्द घ्या, 'पाणी' सारखा, आणि 'णी' वर काय करता येतं ते पाहा. शेवटच्या काळात आर्तोने स्वतःच्या बनवलेल्या अक्षरांचे मंत्र लिहिले. त्यांची नक्कल कुणी करू नये, दोन ओळींत हसू होतं.

स्पीकर चार कोपऱ्यांत, कानाच्या उंचीच्या वर. फोनवरच्या डेसिबल अॅपने अंदाज घ्या. १०० डेसिबलला १५ मिनिटांहून जास्त वेळ कान ठेवू नये असा संकेत आहे, आणि तालमीत नट तोच आवाज दहा वेळा ऐकतात. मोठा आवाज ७२ पैकी सहा ओळींत पुरतो.

स्ट्रोब शक्यतो नकोच. सेकंदाला ३ ते ३० या वेगाने लखलखणारा प्रकाश अपस्मार असलेल्यांना झटका आणू शकतो. हवाच असेल तर दाराशी मोठ्या अक्षरात सूचना आणि पाच सेकंदांची मर्यादा. आर्तोला प्रकाशाचे थर हवे होते: पातळ, दाट, अपारदर्शक, थंडी, उष्णता, राग, भीती जाणवेल असे. चार डिमर आणि चार रंग एवढ्यात ते होतं. एक दिवा जमिनीलगत भिंतीला घासत सोडा. डोकी आणि हात यांच्या सावल्या छतावर जातात आणि नऊ फुटी पुतळ्याचं निम्मं काम फुकट होतं.

पोतराज नको

या टप्प्यावर कुणीतरी नक्की सुचवतं: आर्तोने बाली घेतलं, आपण पोतराजाचा आसूड घेऊ, गोंधळ घेऊ, अंगात आणू. आर्तोने बाली पाहिलं ते पॅरिसमधल्या साम्राज्याच्या प्रदर्शनात, डच दालनात, आणि बरंचसं चुकीचं वाचलं. पोलिश दिग्दर्शक ग्रोतोव्स्कीने नंतर दाखवून दिलं की ज्या खुणांना तो विश्वाची गूढ चिन्हं समजला त्या त्या परंपरेतल्या नेमक्या अर्थाच्या खुणा होत्या. त्याची चूक फलद्रूप ठरली. आपण तीच चूक घरबसल्या करण्यात काही अर्थ नाही. बालीकडून त्याला एक गोष्ट बरोबर दिसली होती: डोळ्याच्या बुबुळापासून बोटाच्या टोकापर्यंत सगळं मोजलेलं आहे. ती घ्या.

मराठीत 'क्रौर्याची रंगभूमी' म्हटलं की तेंडुलकरांचं 'गिधाडे' आठवतं. श्रीराम लागूंनी ते १९७० मध्ये बसवलं. तिथला हिंसाचार शब्दांत, नात्यांत आणि वाड्याच्या भिंतींत आहे. वाक्यं काढली तर नाटक उरत नाही. त्या अर्थाने ते आर्तोच्या वाटेवरचं नाही, त्याच्या तोडीचं भेदक असलं तरी. पण त्याच नाटकात साडीवरच्या रक्ताच्या डागाला सेन्सॉरने हरकत घेतल्यावर डाग निळा केला गेला आणि तो लाल समजावा असं प्रेक्षकांना सांगितलं गेलं. एका रंगाने काय होऊ शकतं हे त्या निळ्या डागाने जितकं शिकवलं तितकं पाच लिटर खोट्या रक्ताने शिकवलं नसतं.

प्रभावाबद्दल वाचायचं तर प्रत्येकाकडून एकच अवजार उचला. ब्रुककडून ('मारा/साद', १९६४) गर्दीला शिस्तीत कसं ठेवायचं. लिव्हिंग थिएटर या अमेरिकन नाट्यगटाच्या 'द ब्रिग' कडून (१९६३) पांढऱ्या रेघेचा उपयोग: लष्करी तुरुंगातला कैदी परवानगीशिवाय ती ओलांडू शकत नाही, आणि सगळा ताण त्या रेघेत. ग्रोतोव्स्कीकडून हा इशारा की आर्तोने पद्धत ठेवलेली नाही, प्रतिमा ठेवल्या आहेत. देरिदा, देलझ हे तत्त्वज्ञ प्रयोग झाल्यावर वाचा. आधी वाचले तर पोस्टर छान होतं आणि तालीम राहते.

चौथा आठवडा आणि प्रयोगाचा दिवस

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. चाळीस शब्दांची संहिता पाठवली तर प्रश्न येणारच. वहीतल्या 'अंग' आणि 'शब्द' या रकान्यांवरून साध्या गद्यात पाच-सहा पानं लिहून काढा आणि वही भरली की लगेच, दुसऱ्याच आठवड्यात पाठवा, चौथ्यात नव्हे.

शेवटच्या सहा तालमींपैकी दोन पूर्ण अंधारात, दोन आवाजाशिवाय करा. अंधारात धडक कुठे होते ते कळतं. तिथे जमिनीवर चमकणारी पट्टी लावा. आवाजाशिवाय केलं की कोण स्पीकरच्या आधाराने जगतोय ते दिसतं.

प्रयोगात प्रेक्षकांना स्पर्श करायचा नाही. मधल्या वाटेवरून जाताना एक फुटाचं अंतर, आणि अचानक त्या अंतरावर थांबलेला नट. हात लावला की प्रेक्षक स्वतःच्या बचावात शिरतो आणि पाहणं थांबवतो. दोन्ही दारं आतून उघडी. ज्याला जायचं त्याला जाऊ द्यावं, एका माणसाने टॉर्च घेऊन दाराशी उभं राहावं.

संपल्यावर लगेच टाळ्यांसाठी रांगेत उभं राहण्याची घाई नको. नटांनी भिंतीला पाठ टेकून 'स्त्री-पु' च्या दहा फेऱ्या, 'न' शिवाय, मग कोमट पाणी. त्याच रात्री, झोपण्याआधी, वही उघडून ज्या ओळी पुढे-मागे झाल्या त्यांच्यासमोर त्या त्या नटाने आपल्या रंगाच्या पेन्सिलने किती सेकंदांचा फरक पडला ते लिहावं. 'आज मूड लागला नाही' असं कुणी लिहिलं तर खोडायला लावा आणि आकडा मागा.